पसंतीक्रमाआधी पैशांचा हिशेब : वैद्यकीय व व्यावसायिक शिक्षणासाठी सोलापूरच्या विद्यार्थ्यांना मिळू शकणारे आर्थिक साहाय्य

नीट किंवा सीईटीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न गुणांचा असतो आणि दुसरा महाविद्यालयाचा. पैशांचा प्रश्न बहुतेक घरांत प्रवेश निश्चित झाल्यानंतर, म्हणजे शुल्क भरण्याची मुदत दोन-तीन दिवसांवर आल्यावर निघतो. मग सोने गहाण ठेवणे, पतसंस्थेकडे धाव घेणे किंवा नातेवाइकांपुढे हात पसरणे एवढेच मार्ग उरतात. वास्तविक विद्यार्थ्याला कोणती सवलत मिळणार आणि कोणती मिळणार नाही, हे त्याने कोणत्या प्रकारच्या जागेवर प्रवेश घेतला यावरून जवळजवळ ठरून जाते, आणि ती जागा तो पसंतीक्रम भरताना निवडत असतो. म्हणून पैशांचा हिशेब पसंतीक्रमाच्या अर्जाआधी मांडावा. नंतर मांडलेला हिशेब हा केवळ कर्जाचा हिशेब असतो.

जागा कोणती, यावर साहाय्य अवलंबून

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे खासगी महाविद्यालय आहे, आणि शहरातली बरीच मुले पुणे, कराड, कोल्हापूर, सांगलीकडील अभिमत विद्यापीठांचाही विचार करतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिन्हीकडे मिळणारी पदवी एकच असली, तरी शासनाच्या दृष्टीने या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

शासकीय महाविद्यालयाचे शुल्क मुळातच कमी असते आणि त्यावर शिष्यवृत्तीही लागू होते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील जागा राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली असेल, तर राज्याच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या योजना तेथेही लागू होतात; परंतु त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गात, संस्थात्मक किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला त्या लागू होत नाहीत. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित खासगी विद्यापीठे तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून स्पष्ट शब्दांत वगळलेली आहेत. अभिमत विद्यापीठातील जागेसाठी ‘नंतर स्कॉलरशिप लावून देऊ’ असे कोणी एजंट सांगत असेल, तर त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

आणखी एक फरक शुल्काच्या अंतर्रचनेत दडलेला असतो. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक महाविद्यालयापुढे पाहता येते. प्रतिपूर्ती मिळते ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ, ठेव रक्कम यांचा भार विद्यार्थ्यावरच राहतो. समजा, एखाद्या महाविद्यालयाचे मंजूर शुल्क वर्षाला ९ लाख रुपये असून त्यात शिक्षण शुल्क ८ लाख १० हजार आणि विकास शुल्क ९० हजार आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलाला शिक्षण शुल्काच्या निम्मी, म्हणजे ४ लाख ५ हजारांची प्रतिपूर्ती मिळेल, आणि त्याला वर्षाकाठी ४ लाख ९५ हजार रुपये स्वतः उभे करावे लागतील. साडेचार वर्षांच्या शुल्काचा विचार करता ही रक्कम २२ लाख २७ हजारांच्या पुढे जाते. त्याच घटकातील मुलीला त्याच जागेवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होऊन वर्षाला ९० हजार, म्हणजे साडेचार वर्षांत सुमारे ४ लाख रुपयेच भरावे लागतील. बहीण-भाऊ पाठोपाठ परीक्षेला बसणाऱ्या घरांनी हा फरक अवश्य लक्षात घ्यावा. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या महाविद्यालयाचे मंजूर आकडे घेऊन हाच हिशेब कागदावर करावा आणि मगच पसंतीक्रम भरावा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी याच टप्प्यावर एक वेगळी संधी असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या शिक्षण शुल्क माफी योजनेत मंजूर प्रवेशक्षमतेवर ५ टक्के जादा जागा ठेवलेल्या असतात, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये असते आणि निवड केवळ गुणवत्तेवर होते. या जागांना पसंतीक्रमात स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. तो क्रमांक भरलाच नाही, तर गुण असूनही माफी मिळत नाही, आणि नंतर कोणी कितीही धावपळ केली तरी ती लावून घेता येत नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमांना ही योजना नाही.

कागदपत्रे : खरी कसोटी येथे आहे

पैसे न मिळण्याचे कारण विचारले, तर विद्यार्थी सहसा योजनेला दोष देतो. अर्ज तपासला, तर दोष कागदांत सापडतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, ही सगळी कागदपत्रे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांतच जमवायला हवीत. निकालानंतरच्या जून-जुलैमध्ये उत्तर सोलापूर किंवा दक्षिण सोलापूर तहसीलला अर्जांची जी गर्दी होते, तिच्यात सापडलेला अर्ज कधी बाहेर येईल हे कोणालाच सांगता येत नाही.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र यांचा हिशेब वेगवेगळा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नॉन-क्रीमिलेयरसाठी तीन वर्षांचे उत्पन्न पाहतात आणि त्यात पगार व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही; शिष्यवृत्तीसाठीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र कुटुंबाचे सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न धरले जाते. त्यामुळे नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र सहज मिळालेल्या नोकरदाराचा मुलगा शिष्यवृत्तीच्या उत्पन्नमर्यादेबाहेर जाऊ शकतो. उत्पन्नाचे आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आर्थिक वर्षाशी बांधलेले असते; मागच्या वर्षीचे प्रमाणपत्र जोडून परत आलेले अर्ज दरवर्षी कमी नसतात.

जात वैधता प्रमाणपत्राबाबत सोलापूरची अडचण इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळी आहे. या शहराची वस्ती गिरण्या, माग आणि विड्या यांच्यामागे आली. पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे विशेष मागास प्रवर्गात मोडतात, कन्नड भाषक कुटुंबे निरनिराळ्या प्रवर्गांत मोडतात, आणि यांतील अनेकांचे पूर्वज आजच्या तेलंगणातून किंवा कर्नाटकातून आलेले आहेत. महाराष्ट्रातील प्रवर्गाचा लाभ हवा असेल, तर कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य एका ठरावीक दिनांकापूर्वीचे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. आजोबा या दिनांकाआधी सोलापुरात होते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते, परंतु जात पडताळणी समितीपुढे घरातल्यांचे ठाऊक असणे चालत नाही.

अशा वेळी आजोबांचा किंवा त्यांच्या भावंडांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीचा उतारा, महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा किंवा गावाकडील कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल शोधावी. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांत आजोबा कामाला असतील, तर त्या काळातले सेवेचे कागद वास्तव्य दाखवायला उपयोगी पडू शकतात. मात्र जातीची नोंद असलेला कागद त्यासोबत वेगळा लागतो. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा जुन्या आहेत, त्यामुळे काही नोंदी त्या लिप्यांत असतात आणि काही त्याहून जुन्या मोडीत. त्यांचे प्रमाणित भाषांतर किंवा लिप्यंतर करून घ्यायला वेळ लागतो. आडनावाच्या लेखनात पिढी-दरपिढी झालेला बदल हे येथील आणखी एक दुखणे आहे. तेलुगू आडनाव एका दाखल्यात एका प्रकारे आणि दुसऱ्यात निराळ्या प्रकारे लिहिलेले असते. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ आधीच तयार ठेवली, तर समितीच्या पहिल्याच तपासणीत प्रकरण अडकत नाही. वडील, सख्खे काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर ते सर्वांत आधी जोडावे, कारण रक्तनात्यातील वैधता हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाचे पत्र घेऊन हा अर्ज अकरावीतच करावा.

महाडीबीटीवरील योजना

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर होतो, पण पैसे देणारे विभाग वेगवेगळे आहेत. अनुसूचित जातींचे अर्ज समाजकल्याण विभागाकडे, अनुसूचित जमातींचे आदिवासी विकास विभागाकडे, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गाचे इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे, आणि खुल्या प्रवर्गाचे अभ्यासक्रमानुसार वैद्यकीय, तंत्र किंवा उच्च शिक्षण विभागाकडे जातात. अर्ज अडकला तर कोणत्या कार्यालयात जायचे, हे यावरून ठरते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याचे पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वैद्यकीय व अभियांत्रिकी पदवीसारख्या पहिल्या गटातील अभ्यासक्रमांना शुल्काव्यतिरिक्त वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये निर्वाह भत्ता आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रदानाची, म्हणजे बोलीभाषेतल्या फ्रीशिपची योजना आहे. येथे एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. या शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यातील शुल्काची रक्कम त्याने ठरावीक दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. ती रक्कम खात्यावर आली म्हणजे आपलीच झाली असे समजून खर्च केल्यामुळे पुढच्या वर्षी थकबाकीदार ठरलेले विद्यार्थी आहेत.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना शिक्षण शुल्काची पूर्ण, तर इतर मागासवर्गाला निम्मी प्रतिपूर्ती मिळते. वर उल्लेख केलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हा फरक विशेष ध्यानात घ्यावा. अर्ज भरताना नेटकॅफेत प्रवर्गाच्या रकान्यात ‘ओबीसी’ निवडले गेले, तर निम्म्या शुल्काचे नुकसान अवघ्या एका क्लिकमध्ये होते. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज योजनेखाली ८ लाख रुपये उत्पन्नापर्यंत निम्मे शुल्क मिळते. मुलींच्या बाबतीत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील ज्या मुलींनी केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे, त्यांना २०२४-२५ या वर्षापासून निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा लाभ मिळतो. वैद्यकीय, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी, कृषी असे सर्वच व्यावसायिक अभ्यासक्रम यात येतात. कोणी प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क आधी भरण्याचा आग्रह धरला, तर शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवून लेखी विचारणा करावी.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत, आणि शुल्काच्या गडबडीत त्या हटकून विसरल्या जातात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, इतर मागास बहुजन कल्याण विभागाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. सांगोला, मंगळवेढा, करमाळा, माढा या भागांतून शहरात किंवा पुण्यात शिकायला जाणाऱ्या मुलांना तहसीलदारांचा अल्पभूधारक असल्याचा दाखला येथे कामी येतो. पुण्यात जाणाऱ्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांचीही चौकशी करावी. १९५५ पासून ही संस्था ग्रामीण भागातील गरजू मुला-मुलींची अल्प खर्चात सोय करते.

विडी कामगार आणि बांधकाम कामगार यांच्या मुलांसाठी

सोलापुरात राहून ज्यांचा लाभ न घेणे हे सर्वांत मोठे नुकसान ठरेल, त्या योजना महाडीबीटीवर नाहीत. म्हणूनच त्या मागे पडतात.

केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या कामगार कल्याण संघटनेमार्फत विडी कामगारांच्या पाल्यांना पहिलीपासून शिष्यवृत्ती मिळते आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय, आयुर्वेद, व्यवस्थापन अशा व्यावसायिक पदवीला ती वर्षाला २५ हजार रुपये आहे. पालकांपैकी एकाचे विडी कामगार म्हणून ओळखपत्र असावे लागते, किमान सहा महिने सेवा झालेली असावी लागते आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न १० हजारांच्या आत असावे लागते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. त्यासाठी आधी आधारावर एकदाच करायची नोंदणी पूर्ण करावी लागते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीत राहणाऱ्या घरांतून मुली परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकीला जातात. आईच्या ओळखपत्रावरचे नाव आणि मुलीच्या गुणपत्रिकेवरचे आईचे नाव जुळत नाही, एवढ्यावरून अर्ज थांबतो. ओळखपत्र दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून हे काम मुलगी दहावीत असतानाच उरकावे.

इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची मदत तर याहून मोठी आहे. मंडळाकडे नोंदणी असलेल्या आणि नोंदणी चालू ठेवलेल्या बांधकाम कामगाराच्या पहिल्या दोन पाल्यांना वैद्यकीय पदवीसाठी दरवर्षी १ लाख रुपये आणि अभियांत्रिकी पदवीसाठी दरवर्षी ६० हजार रुपये मिळतात. गवंडी, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम, वीजजोडणी असे काम करणारा माणूस वर्षातून ९० दिवस बांधकामावर असल्याचा दाखला देऊन नोंदणी करू शकतो. नोंदणीचे नूतनीकरण चुकले की लाभ थांबतो, आणि ते चुकल्याचे बहुधा मुलाच्या अर्जाच्या वेळीच कळते. माझ्या मते शहरातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या प्रवेश अर्जातच ‘पालक विडी किंवा बांधकाम कामगार आहेत का’ असा रकाना ठेवायला हवा.

येथे तारतम्य लागते. एकाच अभ्यासक्रमासाठी एका वेळी एकच शिष्यवृत्ती, हा साधारण नियम आहे. त्यामुळे २५ हजारांची शिष्यवृत्ती स्वीकारताना त्यापायी लाखाची शुल्क प्रतिपूर्ती गमवावी लागणार नाही ना, हे दोन्ही योजनांच्या अटी वाचून ठरवावे आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षाकडून खात्री करून घ्यावी.

माजी सैनिकांच्या पाल्यांना पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती योजनेत मुलींना आणि सक्षम योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यांना वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. आई-वडील गमावलेल्यांसाठी स्वनाथ ही योजना आहे. अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वतंत्र शिष्यवृत्ती महाडीबीटीवरच आहे आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज देते.

शैक्षणिक कर्ज

एवढे करूनही जी रक्कम उरेल, तेवढ्याचेच कर्ज काढावे. बँक पूर्ण शुल्काचे कर्ज द्यायला तयार असली, तरी प्रतिपूर्ती येणार असेल तर तेवढा भाग कर्जात धरू नये. नाहीतर शासनाचे पैसे येईपर्यंतचे व्याज आपण उगाच भरत राहतो.

भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. त्यापुढे देशांतर्गत शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा लागतो. साडेसात लाखांपर्यंत पत हमी योजनेमुळे तारणाची गरज नसते, त्यापुढे बँक तारण मागू शकते. शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा राजी नसतात. घर, बिगरशेती भूखंड किंवा मुदत ठेव चालते. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, आणि त्यापुढे परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळते. या काळात व्याजाची आकारणी मात्र चालूच असते. उचललेल्या १० लाखांवर १० टक्के दराने वर्षाला १ लाख रुपये व्याज होते. शिक्षण चालू असतानाच ते भरत गेल्यास बँका व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सूट देऊ शकतात, त्याची विचारणा अर्जाच्या वेळीच करावी. पदवीनंतर लगेच पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्या डॉक्टरला आधीच्या कर्जाला जोडून पुढचे कर्ज मागता येते आणि दोन्हींची परतफेड दुसऱ्या शिक्षणानंतर एकत्र सुरू करता येते.

व्याजात सवलत देणाऱ्या योजना दोन आहेत. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावरील शिक्षणकाळातील आणि पुढील एका वर्षातील संपूर्ण व्याज शासन भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, परंतु ती ठरवून दिलेल्या दर्जेदार संस्थांच्या यादीतील विद्यार्थ्यांनाच मिळते आणि शासनाची दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेणाऱ्यांना मिळत नाही. दोन्हींतही व्यवस्थापन कोट्याला स्थान नाही आणि शिक्षण मध्येच सोडल्यास सवलत थांबते. सुवर्णतारण कर्ज, वैयक्तिक कर्ज किंवा पतसंस्थेचे कर्ज हे शिक्षणासाठीच घेतले असले, तरी या योजनांच्या दृष्टीने ते शैक्षणिक कर्ज नव्हे. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना वेगळी आहे. तिच्यात बँकेच्या कर्जावरील व्याज लाभार्थ्याने वेळेवर भरल्यानंतर महामंडळ ते परत करते, म्हणून एकही हप्ता चुकवून चालत नाही.

बँकेतील अधिकाऱ्याने तोंडी ‘होणार नाही’ असे सांगितले म्हणून परत फिरू नये. अर्ज शैक्षणिक कर्जाच्या ऑनलाइन पोर्टलवरूनच करावा म्हणजे त्याची नोंद राहते. शैक्षणिक कर्ज नाकारायचे असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीने आणि कारण देऊन नाकारावे, असा दंडक आहे. ते कारण लेखी मागण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे. पालकांचे जुने कर्ज थकलेले असल्यास ते प्रवेशाच्या आधीच्या वर्षी मिटवून घ्यावे, कारण सहकर्जदार म्हणून त्यांचाच पतइतिहास पाहिला जातो. परतफेड सुरू झाल्यावर भरलेल्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच.

शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्याने एक जबाबदारी हिशेबात धरावी. पदवीनंतर एक वर्ष शासकीय सेवा करण्याचे बंधपत्र असते आणि ती न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. कर्जाचे हप्ते आणि हे वर्ष एकाच सुमारास येते, म्हणून सेवेच्या वर्षातील वेतनातून हप्ता कसा निघेल याचा विचार आधीच केलेला बरा.

पैसे खात्यावर येईपर्यंत

अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचे सर्वांत सामान्य कारण बँक खाते हे असते. थेट लाभ हस्तांतराची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातेच असे नाही. आधार क्रमांक ज्या बँक खात्याशी शेवटी जोडला गेला, त्या खात्यावर ती जाते. आधार बँकेत ‘दिलेले’ असणे आणि लाभासाठी ‘जोडलेले’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते; ते वर्षातून एकदा तरी पाहावे. शाळेत असताना काढलेले शून्य शिल्लक खाते व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेले असते आणि शिष्यवृत्ती नेमकी तेथेच अडकते.

ऑनलाइन अर्ज दाखल झाला म्हणजे काम संपले, असे नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो आणि तेथून विभागाकडे जातो. त्रुटी असल्यास परत पाठवला जातो आणि तो दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याची मुदत मर्यादित असते. गड्डा यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, निदान एकदा लॉगिन करून अर्ज कोणाकडे थांबला आहे ते बघावे. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी स्वतंत्रपणे करायचा असतो आणि हजेरी अपुरी असली किंवा वर्ष वाया गेले तर लाभावर परिणाम होतो. पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी नेटकॅफेवाल्याच्या हाती देऊ नये; नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद झाला असेल, तर अर्जाच्या हंगामाआधी आधार केंद्रात तो बदलून घ्यावा.

शुल्काची तक्रार असेल तर ती कशाबद्दल आहे, हे आधी ठरवावे. मंजूर शुल्कापेक्षा अधिक रक्कम मागितली जात असल्यास शुल्क नियामक प्राधिकरणाकडे, पावतीविना देणगी मागितली जात असल्यास १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याचा उल्लेख करून लेखी, आणि शिष्यवृत्ती विभागाकडे अडकली असल्यास अर्ज क्रमांकासह संबंधित सहायक आयुक्त किंवा सहायक संचालक कार्यालयात तक्रार करावी. प्रत्येक ठिकाणी शुल्काची पावती मागितली जाते. रोख भरलेल्या आणि पावती न घेतलेल्या रकमेची तक्रार कोणतेही कार्यालय पुढे नेऊ शकत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रक्कम बँकेतूनच भरावी आणि प्रत्येक पावतीची छायाप्रत घरच्या फाइलीत ठेवावी.